नान देस का? (एका 'का'ची भानगड)

फौंड्रीवाला

मंडळी, गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे, पंप-व्हॉल्व्हचं कास्टिंग. एका गिऱ्हाइकाबरोबर जपानी साहेब माल बघायला आलेले, सोबत दुभाषी पोरगी पुण्याची. तिला फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि नेमके तेवढ्यात साहेब कोअर शॉपमध्ये (कोअर म्हणजे साच्याच्या आत बसवायचा वाळूचा गाभा) आमच्या तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभारले. तात्या म्हणजे तीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस. कोअरला ब्रशनं ग्राफाइट मारत बसलेले. साहेबांनी ट्रेकडं बोट केलं आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"कोरे वा नान देस का?"

तात्यांनी ब्रश ठेवला, विचार केला, एक वाळलेला कोअर उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "कोअर देतो की, त्यात काय. पण नान न्हाई मिळायचं हितं. भाकरी चालती का बघा."

साहेबांनी तो कोअर दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकले. तात्या पण वाकले. मी बाजूला उभा, हसू पण येईना आणि रडू पण.

नंतर त्या पोरीनं सांगितलं की साहेबांनी 'हे काय आहे' एवढंच विचारलेलं. पण माझ्या डोक्यात भुंगा लागलाय तो त्या शेवटच्या 'का'चा. वाक्य प्रश्नाचं, आणि टोकाला 'का', आपल्यासारखाच! हा योगायोग आहे का खरंच काही नातं आहे? तात्यांचं मत आहे की "त्यांची भाषा आपल्यातनंच गेलीया." अजून कुठल्या भाषेत हा 'का' तुम्हाला भेटलाय, आणि तिथं त्याचा अर्थ काय?

गंगावेसकर

नान देस का!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ऑफिसात चहा सांडला.

नीता_निहोंगो

दादा, तात्यांना माझा नमस्कार सांगा. मी पाच वर्षं जपानी शिकतेय आणि पहिल्या धड्यालाच मला हे वाटलेलं.

कोरे = हे, वा = विषय दाखवणारा प्रत्यय, नान = काय, देस = आहे (लिहिताना 'देसु', बोलताना तो शेवटचा 'उ' गिळतात), आणि का = का. क्रियापद शेवटी, त्याच्या मागं 'का', म्हणजे रचना डिट्टो आपली. जपानीत 'का' आला की रीतसर लिखाणात प्रश्नचिन्ह द्यायची पण गरज नसते, पूर्णविराम चालतो. आणि पुढची गंमत, 'चहा का कॉफी' मधला 'किंवा'वाला का, तोसुद्धा जपानीत 'का'च आहे. ओचा का कोही.

पण माझा सगळ्यात आवडता म्हणजे 'सो देस का'. शब्दशः 'असं आहे का'. आवाज वर नेला तर प्रश्न आणि खाली आणला तर नुसतं "अस्सं का...", म्हणजे आपली आजी फोनवर समोरच्याचं पुराण ऐकताना म्हणते ना, तसं. उत्तर कुणालाच नको असतं.

फरक पण आहेत हं. आपण 'हे काय आहे का?' म्हणत नाही, काय आलं की का गळतो. त्यांच्यात नान आणि का दोन्ही सुखानं नांदतात. आणि आपला 'का' म्हणजे 'कशासाठी', तो अर्थ तिकडं अजिबात नाही, त्याला 'नाझे' किंवा 'दोशिते'. सुटा 'का' म्हणालात तर जपानी माणूस मच्छर शोधायला लागेल, कारण का म्हणजे डास!

रंकाळ्याचा_वारा

डास म्हणजे का? मग आमच्या घरात संध्याकाळी सहानंतर पाचपन्नास प्रश्न फिरत असतात.

शाहूपुरीचा_शहाणा

तात्या बरोबर आहेत. सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. बौद्ध भिक्खू इथून चीनमार्गे जपानला गेले, जाताना 'का' घेऊन गेले. यात एवढं आश्चर्य काय आहे? आणि तमिळ-जपानी एकच आहेत हे तर जपानी प्रोफेसरनीच सिद्ध केलंय.

मास्तर_निवृत्त

शहाणे, जरा दमानं घ्या. एकेक गाठ सोडवू. (लांबणार आहे, ज्यांना मिसळीला जायचंय त्यांनी जाऊन यावं.)

जपानी प्रोफेसर म्हणजे तुम्ही सुसुमु ओनो म्हणत असणार. त्यांनी तमिळ-जपानी नात्याचा सिद्धांत मांडला हे खरं, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. आणि पटला असता तरी तुमच्या 'का'ला उपयोग शून्य, कारण तमिळमध्ये प्रश्नाचा प्रत्यय 'आ' आहे, 'का' नाही.

भिक्खूंनी नेला म्हणावं तर जपानी 'का' आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात आधीच ठाण मांडून बसलेला आहे, तोही शिळा, मुरलेला. आणि पाहुण्यांकडून माणूस वस्तूंची नावं घेतो, वाक्याच्या शेवटचा खिळा सहसा घेत नाही. मात्र भिक्खूंनी एक गोष्ट खरोखर पोचवली. जपानी मुळाक्षरं कशी म्हणतात नीताताईंना विचारा: आ इ उ ए ओ, मग का कि कु के को. ही लावणी आपल्या बाराखडीच्या घराण्यातली आहे, सिद्धम या जुन्या भारतीय लिपीबरोबर गेलेली. म्हणजे 'का' हा शब्द त्यांचा, पण तक्त्यात त्याला कुठं बसवायचं ते आपल्याकडून शिकले.

आता आपला 'का'. हा संस्कृत कः, का, किम् च्या गोतावळ्यातला. त्याच घराण्यात लॅटिनचं क्विस, रशियन क्तो, लिथुआनियन कास, फारसी की. आणि इंग्रजीतलं व्हॉट, हू, व्हाय. कसं? तर जर्मन-इंग्रजीच्या शाखेत मूळच्या क चा ह झाला. जुन्या इंग्रजीत व्हॉट हे 'ह्वॅट' असंच होतं. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम मांडला, होय तेच, परीकथावाले ग्रिम बंधू, त्यातले थोरले.

आणि मौज पुढं आहे. हिंदीचा 'का', राम का घर, तो आपल्या 'का'चा कुणीच नाही. तो संस्कृत 'कृत', मग प्राकृत 'केर' असा घसरत आलेला, असं मानतात. म्हणजे शेजारच्या घरातला हुबेहूब चेहऱ्याचा माणूस परका, जपानी तर पारच परका, आणि ज्या इंग्रजी 'व्हाय'शी तोंडावळा काडीचा जुळत नाही तो सख्खा चुलत.

अजून एक. वेदात हिरण्यगर्भ सूक्तात शेवटचं कडवं सोडून प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'कोणत्या देवाला हवि अर्पण करू' असं विचारलंय. पुढच्या लोकांनी त्या प्रश्नातल्या 'क'लाच प्रजापतीचं नाव ठरवून टाकलं. प्रश्नाचाच देव झाला!

गंगावेसकर

मास्तर, मिसळ खाऊन आलो, कट वाढवून घेतला, तरी तुमची पोस्ट संपली नव्हती.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही लोक जपान-जर्मनी फिरून राहिले, अन् आमाले कोणी विचारून नाई राहिलं. नागपूरले 'का' म्हंजे 'काय'. "का झालं बे?" "का करून राहिला?" तुमचा 'का' आमचा 'काऊन'. मी इंजिनिअरिंगले कोल्हापुरात होतो, पहिल्याच दिवशी रूम पार्टनरले म्हटलं "का आणलं बे डब्यात?" त्यानं मान खाली घातली अन् म्हणे "आईनं दिलं म्हणून आणलं, तुला नको असलं तर नको खाऊ." बिचारा अर्धा तास बोललाच नाई. पांढरा रस्सा होता राजेहो डब्यात.

फौंड्रीवाला

ठेचाभाऊ, पांढऱ्या रश्श्याला "का आणलं" म्हणणारा पहिलाच माणूस तू. तरी जिवंत परत गेलास, नशीब समज.

गोकुळ_शिरगावकर

वऱ्हाडी भाऊंचं वाचून आठवलं. आमच्याकडं भट्टीवर सगळी पोरं बिहारची, भोजपुरी बोलतात, आणि भोजपुरीत पण 'का' म्हणजे 'काय'. 'का'साठी त्यांचा 'काहे'. आमचे सुपरवायझर मूळचे कागलचे, हिंदी यथातथा. इंडक्शन भट्टीचा आवाज, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, त्यात झालेला संवाद:

सुपरवायझर: ए, भट्टी बंद कर.
पोरगा: का? (म्हणजे, काय म्हणालात?)
सुपरवायझर: अरे लाईट जानेवाली है.
पोरगा: का?
सुपरवायझर: काम है उनका, डीपी का!
पोरगा: का??
सुपरवायझर: का का काय, कावळा हैस का तू?

पोरगा शेजारच्याला म्हणतोय, "काहे खिसियात बाड़न?" म्हणजे चिडलेत कशाला हे. भट्टी तोवर चालूच. शेवटी सुपरवायझरनी स्वतः जाऊन बटण दाबलं. त्यानंतर ठरलं की भट्टीवर फक्त हातवारे.

थालीपीठ_इन_थायलंड

थाई भाषेत पण वाक्याच्या शेवटी 'का' येतो. सवात्दी का, खोप खुन का. मी बँकॉकला कामासाठी गेलेलो (कामासाठीच, हसू नका). पहिल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर पोरगी प्रत्येक वाक्याला का लावत होती. मला वाटलं चला, आपल्यासारखंच आहे, प्रश्न विचारतीय. मग मी पण माझ्या प्रत्येक वाक्याला का लावायला सुरुवात केली. रूम का, की का, ब्रेकफास्ट का. काउंटरवरच्या तिघीजणी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरनं समजावलं की तो 'का' फक्त बायका लावतात, अदबीचा शब्द आहे, पुरुषांनी 'क्राप' म्हणायचं. तीन दिवस मी अख्ख्या बँकॉकमध्ये "मी येते हं, मी जेवते हं" करत फिरलो.

चंदगडी_काजू

त्यात काय, कोल्हापुरात पोरी "मी येतो, मी जातो" म्हणतात, त्यांना कोण हसतंय?

नीता_निहोंगो

@चंदगडी मी कोल्हापूरचीच, मी पण घरी "आलो आई" असंच म्हणतो :)

मास्तर_निवृत्त

थाई मंडळींचा तो उच्चार नीट ऐकला तर 'ख'कडं झुकतो. खरा 'का' त्यांच्याकडं वेगळा आहे, त्याचा अर्थ कावळा. म्हणजे शिरगावकरांचे सुपरवायझर थाईमध्ये बरोबर होते.

चंदगडी_काजू

मला एक कळत नाही, तुम्ही सगळे 'येतोस का' 'जेवलास का' कुठनं बोलायला लागला? हे पुण्याचं पाणी. आमच्याकडं चंदगड-आजऱ्याला 'येतोस काय गा?' 'जेवलास काय?' असंच. कोल्हापुरात पण जुनी माणसं 'काय'च म्हणतात. तात्या "भाकरी चालती का" म्हणाले यावर माझा विश्वास नाही, फौंड्रीवाल्यानं पोस्ट लिहिताना इस्त्री मारलीय.

फौंड्रीवाला

सापडलो. "चालती काय बघा" म्हणालेले. पण मग पोस्टची मजा गेली असती ना भावा.

निपाणीकर

चंदगडींचा मुद्दा लाख मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर आमच्या बाजूला आहे. आमच्या घरात मराठी, दारात कन्नड. पुस्तकी कन्नडमध्ये 'जेवण झालं का' ला 'ऊट आय्ता' म्हणतात, म्हणजे मास्तर म्हणाले तसा शेवटी 'आ'. पण आमच्या उत्तर कर्नाटकात कुणी तसं म्हणत नाही, आम्ही 'ऊट आतेन?' म्हणतो. त्यातला 'एन' म्हणजे 'काय'. आता शब्दाला शब्द लावून बघा: ऊट = जेवण, आत = झालं, एन = काय. जेवण झालं काय! कोल्हापूरची म्हातारी आणि निपाणीची अज्जी एकाच साच्यातलं वाक्य बोलतात, फक्त शब्द वेगळे. आता कुणी कुणाचं उचललं ते मास्तर सांगतील, माझ्या मते शेजारीपाजारी वाटीभर साखर इकडून तिकडं जातच असते.

आणि 'का'ला कन्नडमध्ये 'याक'. लहानपणी मला वाटायचं मराठी का उलटा करून पुढं या लावला की कन्नड होतं.

सासूबाई_ऑनलाईन

निपाणीकर, तुम्ही बोललात आणि माझ्या घरातलं कोडं सुटलं बघा. माझी सून भोपाळची. गुणी पोर, लग्नानंतर दोन महिन्यांत मराठी बोलायला लागली. माझ्या नणंदबाई (स्वभाव सगळ्यांना माहीत, त्यांना हे वाचून दाखवू नका) दिवाळीत आल्या, दारात रिक्षातून उतरतायत, हातात फराळाचे डबे, आणि सून हसतमुखानं पुढं होऊन म्हणते,

"आत्या, का आलात?"

नणंदबाई उंबऱ्यातच थांबल्या. मी स्वयंपाकघरातनं चकली तशीच कढईत टाकून पळत आले. सूनबाई डब्याला हात लावतीय आणि परत विचारतीय, "का आलात? का आलात?" आनंदानं!

तिच्या मनात 'आलात का?' होतं. हिंदीत 'क्या' आधी येतं ना, 'क्या आप आ गईं', तसंच तिनं का उचलून पुढं ठेवला. अक्षर तेच, फक्त जागा बदलली आणि माझी दिवाळी पेटली. चकल्या करपल्या त्या वेगळ्याच. कन्नड सून असती तर हे झालं नसतं, तिनं मागंच लावलं असतं. नणंदबाई अजून प्रत्येक वेळी दारात उभ्या राहून म्हणतात, "आले बाई, का ते विचारू नकोस."

गंगावेसकर

काकू, हे मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सांगलीची. ती म्हणते भोपाळची सून खरं बोलली फक्त.

राईनकाठचा_कुलकर्णी

जर्मनीतनं हजेरी. इथं के या अक्षराचं नावच 'का' आहे. फोनवर कुणी आडनाव विचारलं की मी का, ऊ, एल, का, आ, एर, एन, ई. शेजारी आई बसलेली असली की म्हणते, "अरे तो बिचारा नाव विचारतोय आणि तू त्यालाच का का करून काय विचारतोस?"

शिवाय इथली पोरं मेसेजमध्ये 'का आ' अशी दोन अक्षरं लिहितात, 'काइने आनुंग' याचं छोटं रूप, म्हणजे 'काही कल्पना नाही'. माझ्या मुलाला मी मराठीत लिहितो "का?", तो जर्मनमध्ये उत्तर देतो "का आ". आमच्या घरातला बापलेकाचा सगळा संवाद यात आला.

फिरस्ती_मावशी

इजिप्तला कोण गेलंय का? त्यांच्याकडं 'का' म्हणजे माणसाची प्राणशक्ती. माणूस मेला तरी त्याचा 'का' राहतो, आणि त्याला खायला-प्यायला लागतं, म्हणून थडग्यात नैवेद्य. आपल्या पिंडाच्या कावळ्याची आठवण येते की नाही? आम्ही कैरोच्या म्युझियममध्ये हॉर नावाच्या राजाच्या 'का'चा लाकडी पुतळा बघितला, डोळे असे जडवलेले की बघणाऱ्याच्या पाठीमागं येतात. डोक्यावर दोन हात, कोपरातनं वाकवून वर उभे केलेले. तेच 'का'चं चित्रलिपीतलं अक्षर आहे, दोन उंचावलेले हात.

आमच्या ग्रुपमध्ये उत्तरेश्वर पेठेतले एक काका होते. ते बराच वेळ पुतळ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर आमच्या चौकातला माणूस. गाडी आडवी घातल्यावर दोन्ही हात वर करून 'का रं?' म्हणतो तो."

रंकाळ्याचा_वारा

मावशी, नाद खुळा. आता तिकटीला कुणी हात वर केले की मला फॅरोच दिसणार.

मास्तर_निवृत्त

त्याच इजिप्शियन भाषेत 'का' हा बैलासाठीचाही शब्द होता. आणि अल्बेनियन भाषेतही 'का' म्हणजे बैल. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन भाषा. छोट्या शब्दांचं असंच असतं शहाणे, आवाज मोजके, भाषा हजारो, टक्कर होणारच.

शाहूपुरीचा_शहाणा

बरं मास्तर, संस्कृतचं मागं घेतो. पण समुद्रापलीकडचा माल इकडं येत नव्हता असं म्हणू नका. आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरीत सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, समुद्र ओलांडून आलेला. मूर्ती येऊ शकते तर शब्द का नाही?

मास्तर_निवृत्त

पोसायडन आला, पण नाव घेऊन नाही आला ना. बघणाऱ्या निम्म्या लोकांना तो कुठलातरी देव वाटतो. असो, मुद्दा चांगला काढलात, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

चंदगडी_काजू

बैल म्हणजे का. बेंदराला आमच्या बैलाला पोळी खायला देताना तो असाच बघतो, का म्हणून.

जुनं_शुद्धलेखन

कुणी अनुस्वाराची आठवण काढली नाही याचं वाईट वाटलं. आमच्या वेळी 'कां' असं टिंब देऊन लिहायचे. १९६२ च्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि हे टिंब पण गेलं. ज्ञानेश्वरीत बघा, 'कां' म्हणजे 'किंवा', दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, कां असं, कां तसं. नीताताई 'ओचा का कोही' म्हणाल्या तेव्हा मला आधी माउलीच आठवले. वडिलांची जुनी पत्रं माझ्याकडं आहेत, 'पत्र कां नाही' असं दर दुसऱ्या ओळीत. ते टिंब इतकं दाबून काढलेलं असायचं की कागदाला मागून फुगवटा यायचा. नुसत्या 'का'त ती तळतळ येत नाही.

नीता_निहोंगो

काका, हे फार सुंदर. फुगवटा हाताला लागला अगदी.

दादा, मूळ प्रश्नाचं काय झालं? तात्यांना निकाल सांगितलात का?

फौंड्रीवाला

सांगितला की. काल जेवणाच्या सुट्टीत सगळा धागा वाचून दाखवला. नणंदबाईंच्या किश्श्याला तात्या डबा बाजूला ठेवून हसले. मग मी म्हटलं, तात्या, निकाल असा आहे की इंग्रजी 'व्हाय' आपल्या 'का'चा चुलतभाऊ आणि जपानी 'का' परका.

तात्या म्हणाले, "व्हाय म्हणत कारखान्यात लई साहेब आले, एकानं बी माझ्या हातातला कोअर दोन्ही हातांनी घेतला न्हाई. तुझ्या मास्तरांना म्हणावं, नातं कशावरनं धरत्यात तेवढं सांगा."

मास्तर, उत्तर तुम्ही द्या, मला झेपत नाही.

मास्तर_निवृत्त

का आ.

गंगावेसकर

मास्तर क्लीन बोल्ड! आणि फौंड्रीवाले, त्या भाकरीचं पुढं काय झालं?

फौंड्रीवाला

खाल्ली की साहेबांनी. खर्ड्याबरोबर. घाम पुसत पुसत अर्धी भाकरी संपवली.

पण नीताताई, तुम्ही एक वाईट केलंत. तात्यांना तो 'सो देस का' फार आवडलाय. दिवसभर तेच चाललंय. आज सकाळी त्यांना म्हटलं, तात्या, गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलंय, ओव्हरटाइमचे पैसे या महिन्यात दहा तारखेनंतर होतील. तात्यांनी ग्राफाइटचा ब्रश डब्यात ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"सो देस का."